आवाज कुठे अडकला? लिनक्सवर साउंड कार्डाचा माग काढताना

नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकले. वाय-फाय चालले, टचपॅड चालले, मराठी कीबोर्डसुद्धा पहिल्या फटक्यात लागला. मग गाणे लावले. पडद्यावरची पट्टी पुढे सरकतेय आणि स्पीकर ढिम्म. सेटिंगमध्ये जाऊन पाहिले तर कार्डाच्या नावाच्या जागी 'डमी आउटपुट' एवढेच. डेबियन ११ टाकले तेव्हा माझ्यावर ही वेळ आली होती आणि विंडोजच्या सवयीने मी 'ड्रायव्हर' शोधत सुटलो. दोन रात्री त्यात गेल्या. इलाज निघाला एका छोट्या पॅकेजचा, आणि त्यात ड्रायव्हर नव्हताच.

विंडोजमध्ये साउंडचा ड्रायव्हर ही लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आणायची वस्तू असते. लिनक्समध्ये तो कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सोबतच येतो. त्यामुळे 'माझ्या कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर कुठून डाउनलोड करू' या प्रश्नाला सहसा उत्तरच नसते. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा ड्रायव्हर जागच्या जागी, धडधाकट असतो. आवाज त्याच्या खाली किंवा वर कुठेतरी अडकलेला असतो. चाळीत नळाला पाणी आले नाही तर आपण आधी तोटी बदलायला घेत नाही. टाकीत पाणी आहे का बघतो, मग वॉल्व्ह, मग मधला पाइप. इथेही तसेच करायचे: चिपपासून सुरुवात करून एकेक मजला वर यायचे आणि जिथे पाणी थांबले तिथेच पाना चालवायचा.

कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. 'एलएसपीसीआय' म्हणजे पाच सुटी अक्षरे सलग. 'अल्सामिक्सर' हा मात्र अख्खा शब्द. फाइलचे किंवा कमांडचे स्पेलिंग नक्की आठवत नसेल तर दोन-तीन अक्षरे टाइप करून टॅब दाबा, उरलेले टर्मिनल स्वतः भरते.

## आधी फुकटातल्या तपासण्या

हसू नका, पण कीबोर्डवरचे म्यूटचे बटण बघा. हेडफोनच्या भोकात कचरा किंवा तुटलेल्या पिनेचे टोक अडकले असेल तर लॅपटॉपला वाटते हेडफोन लावलेला आहे, आणि तो स्पीकर बंद ठेवतो. हेडफोन दोनदा आत-बाहेर करा.

एकाच मशीनवर विंडोजही असेल तर तिथून 'रीस्टार्ट' करून लिनक्समध्ये येऊ नका. विंडोजच्या ड्रायव्हरने साउंड चिप ज्या अवस्थेत सोडली त्याच अवस्थेत ती लिनक्सच्या हाती येते आणि काही लॅपटॉपवर मग ती तोंडच उघडत नाही. मशीन पूर्ण बंद करा, चार्जर काढा, मिनिटभर थांबा आणि थेट लिनक्स सुरू करा. विंडोजमधला 'फास्ट स्टार्टअप' पर्यायही बंद करून टाका. तो चालू असताना 'शट डाउन' हे अर्धवटच शट डाउन असते.

'काल वाजत होते, आज नाही' अशी तक्रार असेल तर रात्री अपडेटमध्ये कर्नल बदलला का ते आठवा. सुरू होताना ग्रबच्या (कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या) यादीत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. त्यात आवाज आला तर शोध तिथेच संपला: काही दिवस जुन्या कर्नलवर काढा, पुढच्या अपडेटची वाट बघा.

आणि मशीन पहिल्यापासूनच मुके असेल तर एखाद्या ताज्या डिस्ट्रोचा (डिस्ट्रो म्हणजे डेबियन, उबुंटूसारखा लिनक्सचा तयार संच) लाइव्ह पेनड्राइव्ह लावून बघा. इन्स्टॉल काहीच करायचे नाही, फक्त आवाज येतो का ऐकायचे. तिथे आला तर हार्डवेअर निर्दोष आहे आणि तुमच्या डिस्ट्रोचा कर्नल किंवा फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) जुना आहे. अर्ध्या तासाच्या या उद्योगाने पुढचे बरेच तास वाचतात.

## मजले किती आणि कोणते

सर्वांत खाली चिप. तिच्यावर कर्नलमधला ड्रायव्हर, म्हणजे अल्सा. अल्साचे काम यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी सुरू केले. डिसेंबर २००३ मधल्या २.६ कर्नलपासून ओएसएस या जुन्या ध्वनी-प्रणालीची गादी अल्साकडे आली आणि आजवर तिच्याकडेच आहे.

त्यावर साउंड सर्व्हर. पाच अ‍ॅप एकाच वेळी बोलायला लागले तर त्यांचे आवाज एकत्र करणे, कोणाचा आवाज कुठे पाठवायचा ते ठरवणे हे त्याचे काम. वर्षानुवर्षे हे काम पल्सऑडिओ करत असे. आता ते पाइपवायर करतो. फेडोराने ते ३४ व्या आवृत्तीत, एप्रिल २०२१ मध्ये स्वीकारले, उबुंटूने २२.१० मध्ये, लिनक्स मिंटने २२ मध्ये. पाइपवायरच्या सोबतीला वायरप्लंबर असतो, कोणते यंत्र कोणाला जोडायचे ते तो बघतो. नाव ठेवणाऱ्यांच्या डोक्यातही चाळीतला प्लंबरच असावा.

या फरकाचा उपयोग असा: इंटरनेटवर सापडलेला जुना सल्ला 'पल्सऑडिओ काढून पुन्हा टाका' असे सांगत असेल तर तो तुमच्या मशीनला लागूच होत नसेल. शिवाय असे पॅकेज काढताना त्यावर अवलंबून असलेले डेस्कटॉपचे इतर भागही सोबत जाऊ शकतात. 'रिमूव्ह' म्हटल्यावर टर्मिनल जी यादी दाखवते ती वाचल्याशिवाय होकार देऊ नका. आवाज आणायला गेले आणि डेस्कटॉप घालवून बसले, अशी माणसे मी पाहिली आहेत. त्यांत एक मीही आहे.

## पहिला मजला: चिप दिसते का?

टर्मिनल उघडा:

एलएसपीसीआय -एनएनके

यादी लांब असते. त्यात 'ऑडिओ डिव्हाइस' किंवा 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' असा उल्लेख असलेल्या ओळी शोधा. प्रत्येकीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असायला हवी. जुन्या-मध्यम वयाच्या मशीनवर तिथे 'एसएनडी_एचडीए_इंटेल' दिसेल. नावात इंटेल असले तरी एएमडी आणि एनव्हिडियाच्या यंत्रांवरही हाच ड्रायव्हर चालतो, कारण इंटेलने २००४ मध्ये आणलेला हाय डेफिनिशन ऑडिओ (एचडीए) हा साचा पुढे सगळ्यांनीच घेतला. अलीकडच्या इंटेल लॅपटॉपवर 'सोफ' या अक्षरांनी सुरू होणारे नाव दिसेल. त्याची गोष्ट पुढे येते.

बहुतेकांना दोन चिप दिसतात आणि ते गोंधळतात. एक मदरबोर्डवरची, स्पीकर-हेडफोनची. दुसरी ग्राफिक्स कार्डातली, एचडीएमआयमधून टीव्हीला आवाज पाठवणारी. दोन्ही खऱ्याच. या दुसरीमुळे होणारा घोळ वरच्या मजल्यावर भेटेल.

चिपच दिसत नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन 'ऑनबोर्ड ऑडिओ' बंद तर नाही ना ते बघा. ऑफिसातून लिलावात निघालेल्या जुन्या डेस्कटॉपवर तो हमखास बंद करून ठेवलेला असतो.

याच यादीत 'सबसिस्टिम' अशी ओळ आणि तिच्या शेवटी चौकटी कंसात आठ अंक-अक्षरांचा क्रमांक असतो. पहिल्या चारांवरून कंपनी कळते: १०२८ डेल, १०४३ असुस. हा क्रमांक टिपून ठेवा. पुढे मदत मागताना लॅपटॉपच्या नावापेक्षा तो जास्त कामाचा असतो.

## दुसरा मजला: कार्ड नोंदले गेले का?

एप्ले -एल

'प्ले'च्या आधी 'ए' जोडायचा, आणि रेघेनंतरचे 'एल' लहान. उत्तरात कार्ड शून्य, कार्ड एक अशी यादी आली आणि त्यात एखादे 'अ‍ॅनालॉग' दिसले तर ड्रायव्हरने आपले काम केले आहे. हा मजला सोडा, पुढे चला. फक्त एचडीएमआयच दिसत असेल किंवा 'नो साउंडकार्ड्स फाउंड' असे उत्तर आले तर कर्नलची डायरी उघडायची:

सुडो जर्नलसीटीएल -के -बी

'सुडो' म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, '-के' म्हणजे फक्त कर्नलचे बोलणे, '-बी' म्हणजे या वेळच्या बूटपासूनचे. आत गेल्यावर तिरकी रेघ दाबून 'एसओएफ', 'एसएनडी' किंवा 'फर्मवेअर' शोधा.

माझ्या दोन रात्री इथेच गेल्या, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. जुन्या चिप सरळ होत्या: कर्नलने आवाजाचे आकडे दिले, चिपने ते वाजवले. अलीकडच्या इंटेल लॅपटॉपमध्ये मध्ये एक छोटा प्रोसेसर बसवलेला असतो, डीएसपी. लॅपटॉपच्या पडद्याच्या कडेला असलेले डिजिटल माइक त्यालाच जोडलेले असतात. या प्रोसेसरला स्वतःचा प्रोग्राम लागतो, तो दर वेळी बूट होताना फाइलमधून त्याच्यात भरावा लागतो. त्या प्रोग्रामचे नाव साउंड ओपन फर्मवेअर, लाडाने सोफ. इंटेलने तो २०१८ मध्ये खुला केला. ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो. फर्मवेअरची फाइल मात्र वेगळ्या पॅकेजमध्ये. पॅकेज नसेल तर ड्रायव्हर येतो, फाइल मागतो, मिळत नाही, आणि निमूट परत जातो. डायरीत तेव्हा 'फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२' अशा अर्थाची ओळ असते. उणे दोन म्हणजे इतकेच, की फाइल सापडली नाही. मी ती ओळ पहिल्याच रात्री पाहिली होती आणि 'एरर' शब्दाला घाबरून पुढे सरकलो होतो.

पॅकेजची नावे अशी. डेबियन आणि उबुंटूवर 'फर्मवेअर-सोफ-साइन्ड', फेडोरावर 'अल्सा-सोफ-फर्मवेअर', आर्चवर 'सोफ-फर्मवेअर'. डेबियन ११ मध्ये ते 'नॉन-फ्री' विभागात होते आणि मूळ इन्स्टॉलर तो विभाग चालूच करत नसे. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असा स्वतंत्र विभाग झाला. सोबत 'अल्सा-यूसीएम-कॉन्फ' हेही पॅकेज असू द्या. कोणती वायर स्पीकरची आणि कोणती माइकची याचा नकाशा त्यात असतो. टाकून झाल्यावर रीबूट.

फर्मवेअर असूनही सोफ अडखळत असेल तर एक जुगाड आहे. '/ईटीसी/मॉडप्रोब.डी/' या फोल्डरमध्ये 'साउंड.कॉन्फ' नावाची फाइल करून त्यात एक ओळ लिहा:

ऑप्शन्स एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी डीएसपी_ड्रायव्हर=१

याने कर्नल डीएसपीला वळसा घालून जुनाच एचडीए ड्रायव्हर वापरतो. स्पीकर बोलू लागण्याची शक्यता बरी असते, पण पडद्यातले डिजिटल माइक त्या बदल्यात जातात. व्हिडिओ कॉल न करणाऱ्याला हा सौदा चालेल. मी स्वतः तो महिनाभर चालवला.

एएमडीच्या लॅपटॉपची कहाणी थोडी निराळी. तिथे स्पीकर सहसा सुखाने चालतात, माइक गप्प असतो. काही पिढ्यांच्या ड्रायव्हरमध्ये लॅपटॉपच्या मॉडेलची नावानिशी यादी आहे. यादीत नाव असेल तरच माइक जागा होतो. अशा मशीनवर आपण काही करण्यापेक्षा नवा कर्नल घेणे सोपे, कारण प्रत्येक आवृत्तीत त्या यादीत भर पडत असते.

## तिसरा मजला: मिक्सर

कार्ड आहे, तरी शांतता. आता:

अल्सामिक्सर

उघडल्यावर एकच उंच पट्टी दिसली तर फसू नका, ती साउंड सर्व्हरची आहे. एफ-६ दाबा आणि यादीतून खरे कार्ड निवडा. आता 'मास्टर', 'हेडफोन', 'स्पीकर', 'पीसीएम' अशा पट्ट्या दिसतील. पट्टीखाली 'एमएम' असेल तर ती म्यूट, 'ओओ' असेल तर खुली. बाणांनी पट्टीवर जा, 'एम' दाबून म्यूट काढा, वरच्या बाणाने आवाज चढवा. मास्टर शंभरावर आणि स्पीकर म्यूट, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की मी आता कुणाचेही मशीन हाती आले की आधी इथेच येतो.

उजवीकडे सरकत गेलात तर 'ऑटो-म्यूट मोड' भेटेल. हेडफोन लावला की स्पीकर बंद करणारा तो हाच. हेडफोनचे भोक बिघडून सतत 'लावलेला आहे' असे सांगत असेल तर हा पर्याय 'डिसेबल्ड' करा. स्पीकर लगेच बोलतील. मात्र मग हेडफोन लावल्यावरही दोन्हीकडून आवाज येईल, ते हाताने सांभाळायचे.

बाहेर पडायला एस्केप. मशीन नीट बंद केले तर ही मांडणी आपोआप जपली जाते. हट्टाने दर वेळी विस्कटत असेल तर 'सुडो अल्सासीटीएल स्टोअर' एकदा चालवा.

## सर्व्हरला वळसा घालून चाचणी

सगळे अ‍ॅप बंद करा, दहा सेकंद थांबा आणि:

स्पीकर-टेस्ट -डी प्लगएचडब्ल्यू:०,० -सी २ -टी वाव्ह

इथे 'डी' मोठे अक्षर. स्वल्पविरामाच्या आधीचा अंक कार्डाचा, नंतरचा यंत्राचा; दोन्ही 'एप्ले -एल'च्या यादीतून घ्या. एका बाईचा आवाज 'फ्रंट लेफ्ट', 'फ्रंट राइट' म्हणेल. कंट्रोल-सी ने थांबवा. 'डिव्हाइस बिझी' असे उत्तर आले तर कुणीतरी कार्ड धरून ठेवले आहे. 'सुडो फ्यूजर -व्ही /डेव्ह/एसएनडी/*' त्याचे नाव सांगेल.

या चाचणीला मी सगळ्यांत जास्त मानतो, कारण ती घराचे सरळ दोन भाग करते. बाई बोलली, तर चिप, फर्मवेअर, ड्रायव्हर, मिक्सर सगळे ठीक. दोष वर, पाइपवायरमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये. ती बोलली नाही, तर वरच्या मजल्यावरचे काहीही उकरण्यात अर्थ नाही.

## वरचा मजला: पाइपवायर

डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस

'सिंक्स' म्हणजे आवाज जाण्याची ठिकाणे, 'सोर्सेस' म्हणजे येण्याची. ज्याच्यासमोर चांदणी आहे ते सध्या ठरलेले. ती एचडीएमआयसमोर असेल तर तुमचे गाणे इमानेइतबारे वाजत आहे, फक्त स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे. हव्या त्या ओळीचा क्रमांक बघून 'डब्ल्यूपीसीटीएल सेट-डीफॉल्ट' आणि तो क्रमांक द्या.

टर्मिनल नको असेल तर 'पावूकंट्रोल' नावाचे पॅकेज टाका. पल्सऑडिओच्या काळातले असले तरी पाइपवायरवर ते छान चालते आणि डेस्कटॉपच्या चकचकीत सेटिंगपेक्षा जास्त खरे बोलते. त्यातल्या 'कॉन्फिगरेशन' टॅबवर प्रत्येक कार्डाचे प्रोफाइल असते. एचडीएमआय कधीच लागत नसेल तर त्याचे प्रोफाइल 'ऑफ' करून टाका, कटकट कायमची गेली. स्वतःच्या कार्डाला 'अ‍ॅनालॉग स्टिरिओ ड्युप्लेक्स' द्या. 'प्लेबॅक' टॅबवर गाणे चालू असताना अ‍ॅपची पट्टी हलते का, आणि ते अ‍ॅप कोणत्या कार्डाकडे जाते आहे, हेही दिसते. एखादेच अ‍ॅप मुके असेल तर ते बहुधा इथे म्यूट सापडते.

सर्व्हरच बेशुद्ध वाटत असेल तर:

सिस्टिमसीटीएल --यूजर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर

इथे सुडो लावायचे नाही. हे सेवक तुमच्या लॉगिनचे आहेत, सगळ्या मशीनचे नव्हेत. याच कारणासाठी 'स्वतःला ऑडिओ ग्रुपमध्ये टाका' हा जुना सल्लाही आता सोडून द्या. लॉगिन केलेल्या माणसाला कार्ड वापरण्याची परवानगी आपोआप मिळते.

तरीही वायरप्लंबर चुकीच्या निवडी लक्षात ठेवून बसला असेल तर होम फोल्डरमध्ये '.लोकल/स्टेट/वायरप्लंबर' हे फोल्डर सापडेल. त्याचे नाव बदला, लॉग-आउट करून परत या. तो कोऱ्या पाटीने सुरुवात करतो.

## हेडफोन वाजतो, स्पीकर नाही

हे स्वतंत्र दुखणे आहे आणि नवे पातळ लॅपटॉप घेणाऱ्यांना ते जास्त छळते. एचडीए चिपला अनेक पिना असतात. कोणती पिन स्पीकरला जोडायची हे मदरबोर्ड बनवणारा ठरवतो आणि बायोसमध्ये लिहून ठेवतो. लिहिताना चूक झाली तर विंडोजचा ड्रायव्हर ती झाकून घेतो, कारण तो त्याच कंपनीकडून आलेला असतो. लिनक्सवाल्यांना प्रत्येक मॉडेलची चूक शोधून एका यादीत नोंदवावी लागते. रिअलटेकच्या चिपांसाठीची ही फाइल वाढत वाढत दहा हजारांहून जास्त ओळींची झाली.

भरीला काही लॅपटॉपमध्ये स्पीकरसमोर वेगळा 'स्मार्ट' अ‍ॅम्प्लिफायर बसवतात, उदाहरणार्थ सिरस लॉजिकचा सीएस३५एल४१ किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएएस२७८१. त्याला स्वतःचा ड्रायव्हर आणि फर्मवेअर लागते. अ‍ॅम्प्लिफायर जागा झाला नाही तर हेडफोन उत्तम वाजतो आणि स्पीकर मुके किंवा पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात. इथेही पहिला उपाय नवा कर्नल आणि ताजे 'लिनक्स-फर्मवेअर' पॅकेज.

तोवर दोन गोष्टी करून बघता येतात. त्या 'साउंड.कॉन्फ' फाइलमध्ये 'ऑप्शन्स एसएनडी-एचडीए-इंटेल मॉडेल=' लिहून पुढे आपल्या चिपच्या यादीतले एखादे नाव द्यायचे. चिपचे नाव '/प्रॉक/एसाउंड/कार्ड०/कोडेक#०' या फाइलच्या पहिल्या ओळीत असते, आणि मॉडेलच्या नावांची यादी कर्नलच्या दस्तऐवजात. एका वेळी एकच नाव, मग रीबूट. नाही जमले तर ओळ काढून टाका. अशा पाच-सहा ओळी साचल्या की पुढच्या वर्षी आपल्यालाच कळत नाही कोणती कशासाठी होती. दुसरे साधन 'एचडीएजॅकरीटास्क', उबुंटूवर 'अल्सा-टूल्स-जीयूआय' पॅकेजात मिळते. त्यात एकेका पिनेला 'ही स्पीकर', 'ही हेडफोन' असे माउसने सांगता येते. आधी 'अ‍ॅप्लाय नाऊ' करून ऐका, जमले तरच 'इन्स्टॉल बूट ओव्हरराइड'.

## टिक, पट्, आणि गाण्याचा पहिला शब्द गायब

गाणे सुरू होताना 'पट्' आवाज, किंवा नोटिफिकेशनचा पहिला अर्धा सेकंद ऐकूच न येणे, हा बिघाड नाही. बॅटरी वाचवायला ड्रायव्हर चिपला झोपवतो आणि ती उठताना खाकरते. त्याच 'साउंड.कॉन्फ' फाइलमध्ये 'ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०' लिहा. टीएलपी हा बॅटरी वाचवणारा प्रोग्राम वापरत असाल तर तो स्वतःचे घोडे दामटतो. त्याच्या सेटिंगमध्ये साउंड पॉवर सेव्हच्या दोन ओळी आहेत, एक चार्जरवर असतानाची, एक बॅटरीवरची, दोन्ही शून्य करा. डेबियन घराण्यात 'मॉडप्रोब.डी' फोल्डरमध्ये बदल केल्यावर 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवणे बरे.

ब्लूटूथ हेडफोनवर मीटिंग सुरू होताच गाणी टेलिफोनसारखी ऐकू येत असतील, तर तोही ड्रायव्हरचा दोष नव्हे. माइक चालू झाला की हेडफोन फोनकॉलच्या प्रोफाइलवर जातो. लॅपटॉपचा माइक निवडा, हेडफोन गाण्याच्या प्रोफाइलवर परत येईल.

माइकसाठी वेगळे रामायण नको: 'एरेकॉर्ड -एल' ने दिसतो का बघा, अल्सामिक्सरमध्ये एफ-४ दाबून 'कॅप्चर' पट्टीवर स्पेसबार दाबा, मग पावूकंट्रोलच्या 'इनपुट डिव्हाइसेस'मध्ये बोलताना पट्टी हलते का ते पाहा.

## मदत मागताना

'आवाज येत नाही, प्लीज हेल्प' यावर कुणी काही करू शकत नाही. 'अल्सा-इन्फो' ही स्क्रिप्ट चिप, कोडेक, मिक्सर आणि मॉड्यूलची सगळी कुंडली एका फाइलमध्ये काढते. ती जोडा. सोबत सबसिस्टिम क्रमांक, कर्नलची आवृत्ती आणि कोणत्या मजल्यापर्यंत पोहोचलात ते दोन ओळींत लिहा. 'स्पीकर-टेस्ट वाजते, ब्राउझर वाजत नाही' एवढ्या एका वाक्याने समोरच्याचा अर्धा तास वाचतो आणि त्याची उत्तर देण्याची इच्छाही वाढते.

एवढे करूनही मशीन गप्प, आणि उद्या सकाळी मुलाखत किंवा ऑनलाइन वर्ग असेल, तर पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच. नखाएवढे यूएसबी साउंड कार्ड दोन-तीनशे रुपयांत मिळते, हेडफोन आणि माइक दोन्हींची भोके त्याला असतात. यूएसबी ऑडिओचा साचा ठरलेला असल्याने 'एसएनडी_यूएसबी_ऑडिओ' हा एकच ड्रायव्हर जवळजवळ सगळ्यांना पुरतो. लावले की वाजते. माझ्या बॅगेत एक कायम असते. डेबियनवरच्या त्या दुसऱ्या रात्री ते असते, तर निदान झोप तरी झाली असती.